सापडण्याची विद्या

लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांच्या मधोमध बडोद्याची मांडवी उभी आहे. जुन्या बडोद्यातील व्यापाऱ्याला आपले दुकान गिऱ्हाइकाला कसे सापडेल, याची चिंता फारशी करावी लागत नसे. एकेका धंद्याची एकेक गल्ली असे. दरवाजातून आत शिरलेला माणूस चालत त्या गल्लीपर्यंत येई, दोन दुकाने पाही, शेजारच्या पानवाल्याला विचारी आणि ज्याचे नाव चांगले त्याच्या पायरीवर चढे. आज तेच गिऱ्हाईक अलकापुरीत किंवा कारेलीबागेत घरी बसलेले असते. त्याच्या हातात मोबाईल असतो. दोन-तीन शब्द तो त्यावर उमटवतो, पडद्यावर पाच-दहा नावे येतात आणि बहुधा त्यांतील पहिल्या तीन-चारांपलीकडे त्याची नजर जात नाही. जे नाव तेथे आले नाही ते दुकान त्या गिऱ्हाइकापुरते अस्तित्वातच नसते. मग त्या दुकानाने चाळीस वर्षे चोख माप दिलेले का असेना!

या अडचणीवर उपाय विकणाऱ्यांचाही आता एक बाजार झाला आहे. त्यात जाणते आणि प्रामाणिक लोक आहेत, तसे 'महिन्याभरात पहिला क्रमांक' अशी हमी देऊन पैसे उकळणारेही आहेत. त्यांची परिभाषा ऐकून छोटा व्यापारी बावरून जातो आणि कष्टाचे पैसे कशासाठी देत आहोत हे न कळताच देऊन बसतो. वस्तुतः प्रश्न दिसतो तितका नवा नाही. असंख्य वस्तूंच्या ढिगातून हवी ती वस्तू हव्या त्या माणसाच्या हाती कशी पोहोचवावी, याचा पद्धतशीर विचार शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच बडोदे शहरात झाला होता. तो पुस्तकांच्या बाबतीत झाला, एवढाच फरक. तो इतिहास ठाऊक असला म्हणजे आजचे शोधयंत्र कोणत्या न्यायाने चालते ते उमगते, आणि कोणाला पैसे द्यावेत व कोणाला देऊ नयेत, हेही कळू लागते.

महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली ते शिक्षण साऱ्या संस्थानाला लागू केले. मुले वाचावयास शिकली. पण शाळा सुटल्यावर त्यांनी वाचावयाचे काय? वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेले अक्षर चार-सहा वर्षांत पुसले जाते. त्याच १९०६ सालच्या अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना बडोद्यास बोलावून घेतले आणि संस्थानातील ग्रंथालयांची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. राजवाड्यातील आपला सुमारे २०,००० पुस्तकांचा संग्रह महाराजांनी मध्यवर्ती ग्रंथालयाला देऊन टाकला.

वीस हजार पुस्तके उचलून कपाटात लावणे हे हमालाचे काम झाले. ज्याला शेतीच्या विहिरीविषयी वाचावयाचे आहे त्याला नेमके ते पुस्तक दोन मिनिटांत काढून देणे, हे ग्रंथपालाचे काम होय. त्यासाठी दोन साधने लागतात. एक वर्गीकरण, म्हणजे कोणते पुस्तक कोणत्या पुस्तकाशेजारी बसावे याची व्यवस्था. आणि दुसरे सूचीपत्र, म्हणजे कोणते पुस्तक कोठे आहे हे सांगणारी चिठ्ठ्यांची पेटी. या दोन्ही विद्यांना आधुनिक रूप १८७६ साली अमेरिकेत मिळाले. मेल्व्हिल ड्यूई यांनी त्या वर्षी आपली दशांश वर्गीकरणाची पद्धती प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी बोस्टन येथील ग्रंथपाल चार्ल्स कटर यांचे सूचीविषयक नियम छापले गेले. बॉर्डन यांनी ड्यूईंच्या ग्रंथपाल-विद्यालयात अध्यापन केलेले होते. बडोद्यासाठी त्यांनी ड्यूई आणि कटर या दोघांच्या पद्धतींचा मेळ घालून नवे वर्गीकरण तयार केले. १९११ साली त्यांनी येथे ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्गही सुरू केला. १९१३ साली ते मायदेशी परतले, तोवर हाताखालची माणसे तयार झाली होती.

कटर यांच्या नियमांतील एक विचार आजच्या दुकानदाराने मनावर घ्यावा असा आहे. पुस्तक शोधीत येणाऱ्या माणसाला कधी लेखक माहीत असतो, कधी नाव माहीत असते, तर कधी दोन्ही माहीत नसून केवळ विषय माहीत असतो. तेव्हा सूचीपत्रात या तिन्ही वाटांनी पुस्तकापर्यंत पोहोचता आले पाहिजे. शिवाय एकाच गोष्टीला माणसे निरनिराळ्या नावांनी हाक मारतात. अशा वेळी सूचीकार एक जादा चिठ्ठी लिहून ठेवतो आणि 'या नावाऐवजी त्या नावाखाली पहा' असे वाचकाला सांगतो. वाचकाने आपला शब्द बदलावा अशी अपेक्षा तो धरीत नाही. वाचकाच्या शब्दाला वाट करून देणे हे तो आपले कर्तव्य समजतो.

भाषेचा प्रश्नही बडोद्यात पहिल्या दिवसापासून होता. प्रजा बहुसंख्येने गुजराती, दरबारी परंपरा मराठी आणि नव्या शिक्षणाची भाषा इंग्रजी. म्हणून १९१२ साली येथून जे 'लायब्ररी मिसलेनी' नावाचे त्रैमासिक निघाले, ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघत असे. बॉर्डन यांच्यामागून जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी गृहस्थांनी ही ग्रंथालये सांभाळली आणि १९१९ साली बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. मोतीभाई अमीन यांनी खेडोपाडी ग्रंथालये उभी करण्याचा ध्यास घेतला. गावाने आपला वाटा वर्गणीने उभा केला की तेवढाच प्रांत पंचायतीने आणि तेवढाच सरकारने घालावयाचा, अशी योजना होती. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत जात. पुस्तक चांगले आहे एवढ्याने भागत नाही, ते वाचकाच्या दारापर्यंत गेले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती.

चांगली वस्तू न सापडल्याने तिचे काय होते, याचा धडाही बडोदे संस्थानातच मिळाला. उत्तर गुजरातेतील पाटण हे शहर तेव्हा गायकवाडांच्या राज्यात होते. तेथील जैन भांडारांत शेकडो वर्षे ताडपत्रांवरील व कागदावरील पोथ्या जपून ठेवलेल्या होत्या. त्या सुरक्षित होत्या, पण त्यांत काय काय आहे हे बाहेरच्या विद्वानांना नीटसे ठाऊक नव्हते. महाराजांच्या आज्ञेने चिमणलाल दलाल हे विद्वान तेथे गेले आणि पोथी उघडून तिचे नाव, कर्ता, विषय, पाने अशी टिपणे करू लागले. त्या शोधातून बडोद्याची प्राच्य ग्रंथमाला जन्मास आली. तिचा पहिला ग्रंथ, राजशेखराची 'काव्यमीमांसा', १९१६ साली प्रसिद्ध झाला. दलाल १९१८ साली निवर्तले. पाटणच्या पोथ्यांची त्यांनी सुरू केलेली वर्णनात्मक सूची पुढे १९३७ साली त्याच मालेत छापली गेली. राजशेखराचा ग्रंथ दलालांच्या आधीही तितकाच मोलाचा होता. त्याच्या मोलात दलालांनी भर घातली नाही, त्यांनी फक्त त्याचे खरे वर्णन योग्य ठिकाणी लिहून ठेवले. पण त्याअभावी जगाला तो ग्रंथ नसल्यासारखाच होता.

पुस्तकांची ही कथा दुकानांपर्यंत येण्यास मध्ये बराच काळ गेला. दूरध्वनी आल्यावर मोठ्या शहरांत व्यवसायांच्या पिवळ्या पानांच्या सूची निघू लागल्या. त्या वर्णानुक्रमाने लागत. तेव्हा काही चतुर व्यापाऱ्यांनी आपल्या दुकानाचे नावच 'ए-वन' किंवा तीन-चार वेळा 'ए' असे ठेवावयास आरंभ केला. हेतू एवढाच की यादीत आपण सर्वांच्या वर यावे. माल तोच, दुकान तेच, क्रमांक मात्र पहिला! जेथे क्रम लावला जातो तेथे क्रमाला फसविण्याचा मोह उत्पन्न होतो, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

१९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेत जागतिक जाळ्याची कल्पना मांडली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. जाळ्यावरील पाने वाढू लागली तशी सूचीची गरज भासू लागली. १९९४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी, जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी, जी याहू नावाची सूची सुरू केली ती पुष्कळशी बॉर्डन यांच्या मार्गानेच जाणारी होती. माणसे बसून पाने पाहत आणि त्यांना विषयवार कप्प्यांत घालीत. परंतु पाने कोट्यवधींच्या संख्येने वाढू लागली तेव्हा माणसांचे हात अपुरे पडले. १९९५ च्या डिसेंबरात आल्टाव्हिस्टा हे यंत्र आले. ते पानांतील प्रत्येक शब्दाची नोंद ठेवी आणि विचारलेला शब्द ज्या पानांवर असेल ती पाने पुढे करी.

येथे पुन्हा 'ए-वन'चाच खेळ सुरू झाला. यंत्र शब्द मोजते असे कळताच लोक एकच शब्द पानावर शंभर वेळा लिहू लागले. पांढऱ्या पानावर पांढऱ्या शाईने लिहू लागले, म्हणजे माणसाला दिसू नये पण यंत्राला दिसावे! पानाच्या पोटात लपविलेल्या शब्दांच्या याद्यांना तर ऊत आला. त्या याद्यांना आपण क्रम लावताना काडीचीही किंमत देत नाही, असे गूगलने २००९ साली उघड सांगितले. तरीही त्या भरून देण्याचे पैसे घेणारे लोक आजही भेटतात.

मग कोणाचे बोलणे खरे मानावे? आपण चांगले आहोत, असे तर प्रत्येकच दुकानदार म्हणणार. या प्रश्नाचे उत्तर विद्वानांना फार पूर्वीपासून ठाऊक होते, आणि येथेही बडोद्याचे उदाहरण हाताशी आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरात १९५१ पासून वाल्मीकि रामायणाच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. १९६० साली गोविंदलाल भट्ट यांनी संपादिलेले बालकांड निघाले, आणि १९७५ साली उमाकांत शाह यांनी संपादिलेल्या उत्तरकांडाने ते काम पुरे झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताचे असेच काम विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या नेतृत्वाखाली आकारास आले होते. अशा कामात देशभरच्या पोथ्या जमवितात आणि प्रत्येक श्लोकाचे पाठ ताडून पाहतात. दहा पोथ्यांत एक पाठ आहे आणि तीन पोथ्यांत दुसरा, म्हणून दहांचा पाठ खरा, असा हिशेब तेथे चालत नाही. त्या दहा पोथ्या जर एकाच चुकीच्या पोथीवरून उतरविल्या असतील, तर त्या दहांची साक्ष मिळून एकच साक्ष होते. उलट, उत्तरेची एक पोथी आणि दक्षिणेची एक पोथी, ज्यांचा एकमेकींशी संबंध आलेला नाही, त्या दोघींनी एकच पाठ सांगितला तर त्याला मोठे वजन येते. साक्षी मोजावयाच्या नसतात, तोलावयाच्या असतात, हे संपादनशास्त्राचे सूत्र आहे.

आजच्या शोधयंत्रामागील मूळ विचार याच जातीचा आहे, जरी त्याचा उगम वेगळा असला तरी. अमेरिकेतील युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली असे सुचविले की कोणत्या शास्त्रीय लेखाचा आधार पुढील किती लेखांनी घेतला आहे याची सूची करावी. न्यायालयीन निवाड्यांसाठी तशी सूची अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून होती. स्टॅनफर्डचे लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९६ च्या सुमारास हा विचार जाळ्यावरील पानांना लावला. १९९८ साली त्यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला तेव्हा त्यांच्या यंत्रात किमान २ कोटी ४० लाख पाने होती. त्याच वर्षी गूगल कंपनी स्थापन झाली. एका पानाने दुसऱ्या पानाकडे बोट दाखविले, म्हणजे दुवा दिला, तर ती एक शिफारस झाली. परंतु सर्व शिफारशी सारख्या नव्हेत. ज्याची स्वतःची शिफारस अनेक मान्यवरांनी केली आहे, त्याच्या शब्दाला अधिक वजन. आणि जो हजार जणांची शिफारस करतो, त्याचे वजन हजारांत वाटले जाते. गावातील जुन्या वैद्यांनी एखाद्या औषधाच्या दुकानाचे नाव सुचविले तर माणूस निःशंकपणे तेथे जातो. जो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला प्रत्येक दुकान चांगले म्हणून सांगतो, त्याचे कोणी मनावर घेत नाही. पेज आणि ब्रिन यांनी हा व्यवहार गणितात बसविला.

अर्थात शिफारशींचीही नक्कल निघाली. एकमेकांकडे बोट दाखविणारी हजारो पोकळ पाने तयार करून ती विकली जाऊ लागली, म्हणजे एकाच खोट्या पोथीच्या हजार प्रती! त्याला आळा घालण्यासाठी यंत्र अधिक चिकित्सक होत गेले. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू या बलाढ्य मोटार कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने यादीतून काढून टाकले, कारण यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरेच पान दाखविण्याची युक्ती तेथे आढळली. ती पाने काढल्यावरच त्याला परत जागा मिळाली. फेब्रुवारी २०११ मध्ये अमेरिकेतील जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसमूहाच्या बाजूने जाळ्यावर हजारो विकत घेतल्यासारखे दुवे असल्याचे 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघडकीस आणले, आणि जेथे तो पहिला दिसे तेथून तो खाली ढकलला गेला. त्याच वर्षी उथळ आणि नकललेल्या मजकुराला, आणि पुढे एप्रिल २०१२ मध्ये विकतच्या दुव्यांना मागे सारणारे बदल यंत्रात झाले. मोठ्या कंपन्या अशा आघातातून सावरतात. बडोद्याच्या एखाद्या छोट्या दुकानदाराचे नाव कोणा दलालाच्या युक्तीमुळे असे मागे गेले, तर वर्षाचा धंदा बुडतो आणि दाद कोठे मागावी हेही त्याला कळत नाही. म्हणून पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला दुकानदाराने हात जोडावेत. अशी हमी कोणालाच देता येत नाही, हे गूगलनेच आपल्या सूचनांत लिहून ठेवले आहे.

मग त्याने करावे काय? बॉर्डन, दलाल आणि रामायणाचे संपादक यांनी जे केले तेच, आपल्या बेताने.

पहिली गोष्ट, खरे आणि पुरते वर्णन. समजा, एखाद्याचे फरसाणाचे दुकान आहे आणि बटाटा व हरभऱ्याची डाळ घालून केलेला बडोद्याचा प्रसिद्ध लीलो चेवडो ही त्याची खासियत आहे. त्याच्या संकेतस्थळावर 'गुणवत्तेची परंपरा, समाधानाची खात्री' एवढेच भपकेदार शब्द असतात आणि चेवड्याचे नावच नसते. गिऱ्हाईक तर 'लीलो चेवडो' असे शोधते. मराठी घरातले गिऱ्हाईक कदाचित 'हिरवा चिवडा' असेही शोधील. तेव्हा पदार्थाचे नाव, तो कशाचा करतात, किती दिवस टिकतो, भाव काय, परगावी पाठविता की नाही, हे साध्या शब्दांत लिहिलेले हवे. प्रत्येक मुख्य वस्तूसाठी स्वतंत्र पान असावे आणि त्या पानाच्या मथळ्यात त्या वस्तूचे नाव असावे. सूचीकाराची विषयाची चिठ्ठी ती हीच.

दुसरी गोष्ट नावाची. या शहराचे अधिकृत नाव १९७४ पासून वडोदरा झाले. पण १९०८ साली सयाजीरावांच्या आश्रयाने निघालेल्या बँकेच्या नावात बडोदा कायम आहे, विद्यापीठाच्या इंग्रजी नावातही तो आहे आणि मराठी माणूस बडोदे म्हणतो. ज्याला जे नाव ठाऊक, त्या नावाने तो शोधणार. यंत्रांना आता ही नावे एकच आहेत हे बव्हंशी कळते, तरी मजकुरात ती सहजपणे आलेली बरी. गुजराती, इंग्रजी आणि जमल्यास मराठी वा हिंदीत पाने असावीत. मात्र ती जाणत्या माणसाने लिहिलेली असावीत. 'मिसलेनी'चे संपादक तीन भाषांत लिहीत ते वाचकाचा सन्मान म्हणून.

तिसरी गोष्ट पत्त्याची. स्थानिक दुकानांचा क्रम लावताना शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी या तीन गोष्टी पाहिल्या जातात आणि पैसे देऊन हा क्रम बदलत नाही, असे गूगलचे सांगणे आहे. नकाशावर दुकानाची नोंद करणे विनामूल्य आहे. तेथील नाव, पत्ता, दूरध्वनी, उघडण्याच्या वेळा आणि संकेतस्थळावरील तोच तपशील यांत फरक असता कामा नये. एका ठिकाणी 'रावपुरा' आणि दुसऱ्या ठिकाणी जुन्या जागेचा पत्ता असला, तर यंत्र गोंधळते आणि भर उन्हात चालत आलेले गिऱ्हाईक संतापते. बहुतेक लोक मोबाईलवर पाहतात, म्हणून पान लहान पडद्यावर वाचता यावे आणि चटकन उघडावे. मोठमोठी चित्रे घालून पान जड करू नये.

चौथी गोष्ट साक्षीची. येथे घाई उपयोगी नाही. ज्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला दुकान फराळ पुरविते, ज्या व्यापारी मंडळाचे ते सभासद आहे, ज्या वृत्तपत्राने त्या दुकानावर लिहिले, त्यांच्या पानांवर त्याचा उल्लेख आला तर तो एकमेकांशी संबंध नसलेल्या पोथ्यांच्या साक्षीसारखा वजनदार ठरतो. समाधानी गिऱ्हाइकाला 'दोन शब्द लिहा' असे सांगण्यात कमीपणा नाही. आणि कोणी दोष दाखविला तर त्याला सभ्यपणे उत्तर द्यावे. मात्र विकतचे अभिप्राय घेऊ नयेत. भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली अशा अभिप्रायांसाठी मानक ठरवून विकत घेतलेल्या अभिप्रायांना त्यात मज्जाव केला. ज्याला खोटी साक्ष विकत घ्यावी लागते, त्याचा खऱ्यावरचा विश्वास आधीच उडालेला असतो.

एवढे करूनही सर्व काही न्यायाने होईल असे मात्र समजू नये. बडोद्याचे सूचीपत्र प्रजेच्या पैशाने चाललेले, प्रजेचे होते. त्याचे नियम कोणालाही वाचता येत आणि पहिल्या चिठ्ठीची जागा विकत मिळत नसे. आजचे शोधयंत्र ही खासगी कंपनीची मालमत्ता आहे आणि तिचा सूक्ष्म हिशेब गुप्त असतो. २००० सालापासून गूगलने यादीलगत जाहिराती विकण्यास आरंभ केला आणि आज अनेकदा यादीच्या आधी जाहिरातीच दिसतात. २०२४ पासून भारतातही कृत्रिम बुद्धीने रचलेले तयार उत्तर यादीच्या वर येऊ लागले, त्यामुळे माणूस दुकानाच्या पानापर्यंत न जाताच परत फिरण्याचा संभव वाढला. ५ ऑगस्ट २०२४ रोजी वॉशिंग्टनच्या न्यायालयाने निवाडा दिला, की शोधाच्या क्षेत्रातील आपली मक्तेदारी गूगलने बेकायदेशीर मार्गांनी टिकवून धरली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने कंपनीचे तुकडे करण्याचे नाकारले, पण काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश दिला. तो निवाडा देणारे न्यायमूर्ती अमित मेहता यांचा जन्म पाटणचा आहे. ज्या पाटणच्या भांडारांत दलाल पोथ्यांची टिपणे करीत बसले होते, त्याच पाटणचा.

म्हणून शहाण्या दुकानदाराने आपली सारी भिस्त एकाच दरवाजावर ठेवू नये. मांडवीला चार दरवाजे होते. स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ, नियमित गिऱ्हाइकांचे दूरध्वनी क्रमांक, दारावरची ठळक पाटी आणि शेजाऱ्यांचा चांगला शब्द, हे सर्व दरवाजे उघडे असले म्हणजे एखादा बंद झाला तरी दुकान बंद होत नाही.

ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली आपले पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, असे त्यांतील काही नियमांचे सार आहे. वाचकाच्या जागी गिऱ्हाईक आणि पुस्तकाच्या जागी माल घातला की दुकानदाराचा धडा पुरा होतो. यंत्रे बदलतात, त्यांचे हिशेब बदलतात. आल्टाव्हिस्टा २०१३ साली बंद पडले, याहूची ती जुनी सूची २०१४ साली मिटली. आजचे यंत्रही कधीतरी जाईल. परंतु शोधणाऱ्या माणसाला काय हवे आहे हे ओळखून, आपल्याकडे खरोखर जे आहे तेच त्याच्या शब्दांत लिहून ठेवणे, आणि ते खरे आहे असे इतरांनी आपणहून म्हणावे इतका चोख व्यवहार करणे, एवढे ज्या दुकानाने साधले त्याला पुढच्या यंत्रातही नव्याने सुरुवात करावी लागणार नाही.